सिंकखालचा पसारा: प्रकल्प नोंदी

शनिवार, 8 नोव्हेंबर 2025

काम: डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटमधल्या सिंकखालचे उघडे पाइप झाकणे.

इमारत 1994 सालची. ओटाही तेव्हाचाच, वर ग्रॅनाइट आणि खाली कडप्प्याचे उभे खण. सिंक डाव्या टोकाच्या खणात आहे आणि त्या खणाला दार नाही. स्वयंपाकघर हॉलच्या अगदी समोर, त्यामुळे सोफ्यावर टेकलेल्या पाहुण्याला आमच्या घराचं पहिलं दर्शन होतं ते सांडपाण्याच्या वेस्ट पाइपचं. दिवाळीच्या साफसफाईत विषय निघाला होता. फराळाचे डबे रिकामे झाले, आता हात घातला.

खणाची मापं: रुंदी 76 सेंमी, उंची 78, खोली 56. सिंकचा तळ जमिनीपासून 62 सेंमीवर.

टॉर्च घेऊन आडवी पडले आणि कुठला पाइप कुठून कुठे जातो ते कागदावर काढलं. अर्ध्या इंची सीपीव्हीसीची (पाण्याच्या प्लास्टिक पाइपाची) लाइन डक्टच्या, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या पोकळीच्या, भिंतीतून आत येते. पूर्वी इथे भिंतीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप होते. ते गंजल्यावर नवी लाइन सगळीकडे बाहेरूनच फिरवली, म्हणून हा प्रकार. तिला तीन फाटे: एक नळाचा, एक प्युरिफायरचा आणि तिसरा कशाचाच नाही. आमच्या आधी इथे राहणाऱ्यांनी वॉशिंग मशीन स्वयंपाकघरात ठेवलं होतं, त्यासाठी काढलेला हा फाटा डमी (बूच) लावून तसाच सोडलाय, हातभर लांब. मग घड्याघड्यांचा लवचिक वेस्ट पाइप, मध्ये पोट सुटल्यासारखा लोंबणारा. त्याचं टोक जमिनीतल्या जाळीच्या भोकात खुपसलेलं आणि भोवती फडकं कोंबलेलं. शिवाय प्युरिफायरच्या सांडपाण्याची पाव इंची नळी, तीही केबल टायने त्याच पाइपला बांधलेली.

झाकण्याआधी काय काय गळतंय ते कळायला हवं. रात्री भांडी झाल्यावर प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवला. फरशीवर पडलेला थेंब सकाळपर्यंत उडून जातो, कागदावर पडला तर वाळल्यावरही सुरकुती राहते.

रविवार, 9 नोव्हेंबर

दोन तुकडे सुरकुतलेले. एक प्युरिफायरच्या अँगल कॉकखालचा (पाणी बंद करायचा छोटा नळ), दुसरा सिंकच्या वेस्ट कपलिंगखालचा (सिंकच्या भोकाला पाइप जोडणारा भाग). अँगल कॉकच्या आट्यांभोवती पांढरट क्षाराची कडा धरलीय, म्हणजे हे आजचं नाही. रोज थेंब-दोन थेंब, कुणाच्या लक्षात न येणारे.

चहाच्या वेळी घरात सभा. नवऱ्याचं म्हणणं, एकदाच काय ते करून टाकू: भिंतीला झिरी मारायची, पाइप आत घालायचे, वरून टाइल. "झाकली मूठ सव्वा लाखाची." सासूबाईंचं म्हणणं, दोन खिळे, एक दोरी आणि पडदा. त्यांच्या माहेरी ओट्याखाली असाच पडदा असायचा आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

दोन्हींना माझी हरकत. पडदा ओला होतो, तेलकट होतो, शेगडीपासून दोन हातांवर लोंबतो. आणि त्याच्यामागे झुरळांना ऐसपैस जागा. झिरी मारण्याचं तर रोग रेड्याला आणि इलाज पखालीला. नळाची लाइन भिंतीत जाईलही, पण दिसायला वाईट आहे तो वेस्ट पाइप, आणि तो सिंकच्या पोटातून निघून जमिनीत जातो. त्याला भिंतीत कुठे घालणार? टाइल फुटल्या तर तशा आता कुठे मिळायच्या? भिंतीतला जोड उद्या झिरपायला लागला की ते आम्हाला कळणारच नाही, कळेल खालच्या मजल्यावरच्यांना, त्यांच्या छताला डाग पडल्यावर. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सिंक, संडास, बाथरूममधल्या आतल्या गळतीचा खर्च ज्याचा फ्लॅट त्याचा. म्हणजे त्यांच्या छताच्या रंगाचं बिलही आमच्याच गळ्यात.

तिसरा पर्याय सिमेंट बोर्डची कायमची पेटी. शेजारच्या विंगमध्ये एकांनी केलीय. छान दिसते. मागच्या पावसाळ्यात ती फोडून परत बांधावी लागली.

ठरलं ते असं: आधी पाइप कमी करायचे आणि मागे भिंतीला न्यायचे, मग जे उरतील त्यांच्यापुढे हाताने निघणारा कडक पडदा (कापडाचा नाही), आणि सगळ्यांत बाहेर शटर, म्हणजे दार. स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागेल असं काही लावायचं नाही.

बुधवार, 12 नोव्हेंबर

वेस्टचा विचार. दुकानदार बॉटल ट्रॅप (वास अडवणारा बाटलीसारखा भाग) गळ्यात मारत होता. चकचकीत दिसतो, जागा कमी खातो, हे खरं. पण आमच्याकडे जमिनीखाली नहाणी ट्रॅप आहेच. त्यात पाणी साठून राहतं आणि तेच गटाराचा वास वर येऊ देत नाही. त्याच्या वर आणखी एक ट्रॅप बसवला की दोन पाणसाठ्यांच्या मध्ये हवा कोंडते, सिंक गुडगुड करत सावकाश रिकामं होतं. एका वाटेवर एकच ट्रॅप. ज्यांचा सिंक पाइप थेट डक्टच्या उभ्या लाइनला जोडलेला असतो त्यांनी मात्र बॉटल ट्रॅप घ्यायलाच हवा, नाहीतर घरभर वास.

आमच्यासाठी मग साधा गुळगुळीत 40 मिमीचा कडक पाइप. कपलिंगखाली सरळ उतरायचा, तिथून मागच्या भिंतीकडे, भिंतीला धरून डाव्या कोपऱ्यात. आडवा प्रवास साधारण 60 सेंमी. चाळीसास एक उतार धरला तर तेवढ्या अंतरात दीड सेंमी. हा दीड सेंमी भिंतीवर पेन्सिलीने आखून ठेवलाय, कारण प्लंबर "डोळ्याने बरोबर येतं" म्हणतात. वळणाला काटकोनी एल्बो एक नको, 45 अंशांचे दोन हवेत. खरकट्यातला भात काटकोनात अडकतो, या वळणावरून घसरतो. आणि मध्ये एक युनियन, म्हणजे हाताने आटा फिरवून पाइप सुटा करता येईल.

सामान आणलं: पाइप, एल्बो, युनियन, जमिनीच्या भोकासाठी रबराची रिंग, पितळी अँगल कॉक दोन, विणलेल्या स्टीलच्या कनेक्शन नळ्या, क्लॅम्प, टेफ्लॉन टेप, सीपीव्हीसी चिकटवायचं सोल्यूशन. कनेक्शन नळी घेताना लांबी मोजून घ्यावी. दोन फुटी नळी "असू दे जास्तीची" म्हणून घेतली की तिचं वेटोळं झाकायचं नवीन काम निघतं. मी दीड फुटी घेतली.

शनिवार, 15 नोव्हेंबर

प्लंबर दादा साडेदहाला आले. गच्चीवरून आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला. हा व्हॉल्व्ह आमच्यासोबत खालच्या दोघांचाही आहे, म्हणून आदल्या रात्री त्यांना सांगून ठेवलं होतं. सासूबाईंनी तोवर पिंप, बादल्या, कळश्या सगळं भरून ठेवलं. दोन तासांच्या कामाला दोन दिवसांचं पाणी.

आधी मेलेला फाटा कापला. कापताच आतून थोडं पाणी आणि त्याबरोबर तपकिरी मऊ गाळ आला, चमचाभर असेल. आमच्याकडे पाणी उल्हास नदीचं. पावसाळ्यात ते गढूळ येतं, टाकीत कितीही बसलं तरी थोडं पाइपात उतरतंच, आणि जिथून पाणी पुढे जात नाही तिथे जाऊन बसतं. हेच पाणी शेजारच्या फाट्यातून प्युरिफायरला जात होतं. फाट्याच्या जागचा टी (तीन तोंडांचा जोड) काढून सरळ कपलर लावला. एवढ्याने खणाची उजवी बाजू मोकळी झाली.

दादांच्या पिशवीत यूपीव्हीसीच्या (दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिक पाइपाच्या) सोल्यूशनचा डबा होता आणि ते त्याच्यावरच भागवणार होते. "वहिनी, सगळं एकच असतं." एकच नसतं. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच लागतं. मी आणलेला डबा पुढे केला. तसंच सफेदा (आट्यांना लावायचा तेलकट लेप) आणि सूत. जीआयच्या आट्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं, पण सीपीव्हीसीच्या आट्यांवर तेलकट लेप लावायचा नाही, त्याने प्लास्टिकला बारीक तडे जाऊ शकतात. टेफ्लॉन टेपच, आणि ती आटा ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने गुंडाळलेली. उलटी गुंडाळली तर आवळताना सुटत जाते. हे दादांना सांगावं लागलं नाही. त्यांची बोटं बघत राहावं अशी: टेप ताणून धरलेली, अंगठा आट्यावर, प्रत्येक फेरा आधीच्या अर्ध्यावर चढवलेला.

मग जुना वेस्ट पाइप. काढून अंगणात नेऊन उभा चिरला, उत्सुकता म्हणून. आत प्रत्येक घडीत करडी चरबी, साबणासारखी घट्ट, आणि जिथे पोट सुटलं होतं तिथे मोहरी, चहाची पावडर आणि एक दाताची काडी. भोक जेमतेम बोटभर उरलं होतं. सिंक हळू उतरतं म्हणून आम्ही गेलं वर्षभर बाजारातली ड्रेन पावडर ओतत होतो.

नवा पाइप पेन्सिलीच्या रेघेवर बसला. कपलिंगचं रबरी वायसर बदललं, जुनं कडक होऊन चपटं झालं होतं. पाइप भिंतीला अगदी चिकटवला नाही. क्लॅम्पमुळे बोटभर फट राहते आणि तिच्यातून फडकं फिरतं. पाणी लगेच सोडलं नाही. सोल्यूशनच्या डब्यावर जो वेळ छापलाय तो पाळला. दादांना घाई होती, मला नव्हती.

रविवार, 16 नोव्हेंबर

पुन्हा वर्तमानपत्र. सकाळी सगळे तुकडे कोरडे.

पण वेस्टची परीक्षा रात्रभराच्या शांततेत होत नाही. सिंकला बूच लावून काठापर्यंत भरलं आणि बूच ओढलं. पाइप भरून वाहतो तेव्हाच जोडांवर खरा ताण येतो. युनियनपाशी एक थेंब जमला. रिंग थोडी तिरपी बसली होती; सरळ करून हातानेच आवळली. परत भरून ओढलं, कोरडं. गुडगुड नाही.

सासूबाईंना एकच विनंती: बटाटे किंवा शेवया उकळल्याचं कढत पाणी ओतताना नळ सोबत सोडायचा. पीव्हीसीला उकळतं पाणी मानवत नाही, जोड मऊ पडतात. "म्हणजे आता गरम पाणी गार करून टाकायचं," असं त्या हॉलमध्ये कुणालातरी फोनवर सांगताना ऐकलं.

शनिवार, 22 नोव्हेंबर

आता झाकण. सुतार मरीन प्लाय सुचवत होता, आयएस 710 शिक्क्याचा. प्लाय म्हणून वाईट नाही, साध्या एमआर प्लायपेक्षा ओलीला बराच दमदार. तरी सिंकखाली मला लाकूड नको. इथली हवा पावसाळ्यात चार महिने दमट, कापलेल्या कडा नीट बंद नसतील तर तिथून पाणी शिरतं, आणि आमच्या इमारतीत वाळवीने तळमजला आधीच चाखून झालाय. पीव्हीसी फोम बोर्ड घेतला: पाण्यात बुडवून ठेवला तरी फुगत नाही, करवतीने कापला जातो. त्याची खोड एकच, स्क्रू घट्ट धरत नाही. म्हणून बिजागऱ्यांचा भार त्याच्यावर टाकायचा नाही. मागच्या पडद्याला बोर्ड, पुढच्या शटरला ॲल्युमिनियम सेक्शनची चौकट.

मागचा पडदा आज घरीच केला. भिंतीपासून 14 सेंमी पुढे, उंची फक्त 45. त्यापेक्षा उंच केला असता तर कपलिंगकडून मागे जाणाऱ्या पाइपासाठी खाच कापावी लागली असती, आणि खाच आली की काढताना-घालताना झटापट. वरचा पाइप सिंकच्या सावलीत जातो, वाकल्याशिवाय दिसत नाही. शटर असणार असताना हा पडदा कशाला, असं नवऱ्याने विचारलं. कारण शटर दिवसातून अर्धा वेळ उघडंच राहणार, आणि कचऱ्याचा डबा आत ढकलला की तो थेट अँगल कॉकवर आदळतो.

खाली दोन ॲल्युमिनियमचे कोन, त्यात बोर्ड नुसता उभा राहतो. वर दोन्ही बाजूंना फिरकी. मध्ये बोट घालायला एक गोल भोक. आणि अँगल कॉकच्या मुठीसमोर हाताच्या पंजाएवढी खिडकी कापली. नळी फुटली तर अंधारात, पडदा न काढता, सासूबाईंना एकट्याने पाणी बंद करता यायला हवं. त्यांच्याकडून दोनदा करून घेतलं.

गुरुवार, 27 नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. शटर बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला आजच यायचं होतं. सासूबाईंनी सकाळीच फर्मान काढलं, घट मांडलेल्या घरात ड्रिल चालणार नाही. शनिवारवर ढकललं.

शनिवार, 29 नोव्हेंबर

शटर बसलं. दिवसाचा सगळ्यांत नाजूक भाग कडप्प्यात भोकं पाडण्याचा. कडप्पा हा थरांचा दगड. भिंतीसारखा हातोडीच्या मोडवर ड्रिल लावला तर मागच्या बाजूने कपचा उडतो, कधी अख्खा थर सुटतो. हॅमर बंद, नवं टोक, सावकाश फेरे आणि वरून थेंब थेंब पाणी. मी चमच्याने पाणी सोडत होते आणि काळा चिखल लादीवर ओघळत होता. एका भोकाच्या कडेला नखाएवढी कपची उडाली, चौकटीखाली गेली.

शटरबद्दल दोन गोष्टी आधीच सांगून ठेवल्या होत्या. पहिली, ते जमिनीपर्यंत येणार नाही. खाली 12 सेंमी मोकळं. तिथून पोछा आत जातो, आणि काही गळलं तर पाणी बाहेर येऊन दिसतं. खणाला तळफळीही घातली नाही, त्याच कारणासाठी. दुसरी, वरच्या बाजूला पट्ट्यांची जाळी. बंद, अंधार आणि ओल या तिन्ही एकत्र आल्या की झुरळांना आमंत्रणपत्रिका छापावी लागत नाही.

फॅब्रिकेटरला शेजारच्या खणालाही जोडीचं शटर लावायचं होतं. नवराही पाघळला, "सेट दिसेल." त्या खणात गॅस सिलिंडर आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर वर जात नाही, खाली बसतो आणि बंद खणात साचतो. तो खण उघडाच राहील. दिसला तर दिसू दे सिलिंडर. ज्यांच्याकडे पाइप गॅस आहे त्यांनीही गॅसची नळी असल्या कामात झाकून टाकू नये.

शनिवार, 6 डिसेंबर

डक्टच्या भिंतीत पाइपभोवती अंगठा जाईल एवढी फट होती. उंदीर तिथूनच येत असावा. नुसता फोम भरला तर तो कुरतडतो. आधी स्टीलची जाळी चुरगाळून कोंबली, वरून व्हाइट सिमेंट, पाइपालगत सिलिकॉनची एक रेघ. जमिनीच्या भोकातलं फडकं गेलं, रबराची रिंग पाइपाला घट्ट बसलीय. वास नाही.

हिशेब लिहून ठेवते: सगळ्यांत जास्त पैसे शटरला गेले, त्याखालोखाल प्लंबरची मजुरी. दिसण्यात जो फरक पडलाय त्यातला निम्म्याहून जास्त मात्र फाटा कापल्याने आणि वेस्ट मागे नेल्याने पडलाय. बजेट तोकडं असेल तर शटर पुढच्या वर्षावर टाकता येतं.

रविवार, 14 डिसेंबर

प्युरिफायरची सर्व्हिस होती. नेहमीचा मुलगा शटर बघून बाहेरच थबकला, "काकू, आता हे खोलायचं कसं?" बोट घालून ओढ म्हटलं. फिरक्या फिरवल्या, पडदा बाहेर, फिल्टर बदलला, पडदा आत. जाताना म्हणाला, दुसरीकडे फर्निचरवाल्याला बोलवायला लागतं.

त्याने सांडपाण्याची नळी वेस्टला वेगळ्या क्लॅम्पने बांधून दिली. तिचं पाणी आता खाली न सोडता बादलीत घेतोय. लादी पुसायला आणि संडासात ओतायला ते चालतं. झाडांना घालत नाही, क्षार जास्त असतात.

उरलेलं: शटरचं डावं बिजागर किंचित आवळायचं, मॅग्नेट एक मिलिमीटर पुढे घ्यायचा. बाथरूमच्या बेसिनखालीही लोंबता पाइप आहे. दादांना विचारलंय. "बघू" म्हणाले, तारीख दिलेली नाही.